'पॅराग्राफिंग वीक' या शेऱ्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. टी.वाय.ला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, स्पेशल इंग्लिश आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' या नाटकावर ट्यूटोरियल लिहिलं, ते 'पॅराग्राफिंग वीक, टू मच स्टोरी' (परिच्छेद कच्चे, गोष्टच फार) असा शेरा घेऊन परत आलं. मग यूट्यूबवर परिच्छेद बांधायचा 'पील' नावाचा फॉर्म्युला सापडला, त्याप्रमाणे सगळं पुन्हा लिहिलं, तर या खेपेला शेरा आला 'मेकॅनिकल'. आता तुम्ही विचारताय की परिच्छेद किती ओळींचा असावा, पील पाळायचा की सोडायचा, आणि नवा परिच्छेद आत सरकवून सुरू करायचा की मध्ये ओळ सोडायची.

शेवटच्याचं उत्तर एका ओळीचं आहे, ते शेवटी देते. पहिल्या दोघांची उत्तरं देण्याआधी जरा मागे जावं लागेल, कारण तुमची अडचण ओळींच्या संख्येत नाहीये.

पदवीच्या वर्गांना इंग्रजी साहित्य शिकवते त्याला चोवीस वर्षं होतील. ट्यूटोरियल्स आणि कॅपचे (विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्रातले) गठ्ठे धरून हा शेरा मीही असंख्य वेळा मारलाय, आणि कबूल करते, तो आळशी शेरा आहे. त्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा असा असतो: 'तुला काय म्हणायचंय ते मला कळलं नाही, आणि नेमकं कुठे बिनसलं ते शोधायला मला सवड नाही.' म्हणून त्यावरून स्वतःला फार लावून घेऊ नका. पण त्याच्या शेजारचं 'टू मच स्टोरी' मात्र नीट वाचा. रोग तिथे लिहिलाय.

माझंच सांगते. एम.ए.च्या पहिल्या वर्षी याच नाटकावर मी चौदा पानी निबंध लिहिला होता आणि स्वतःवर खूश होते. सरांनी तो वाचला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य मोठ्यानं वाच. मी वाचायला लागले. नाटकाच्या सुरुवातीला तीन चेटकिणी भेटतात. त्यानंतर मॅक्बेथ बायकोला पत्र पाठवतो. मग राजा डंकन त्यांच्या गढीवर मुक्कामाला येतो. त्या रात्री... इथे सरांनी हात वर केला. "नाटक मी वाचलंय," ते म्हणाले.

तेवढंच. पुढे काही बोलले नाहीत, चहा मागवला. मला समजायला दोन दिवस लागले.

तुम्ही पाठवलेल्या दोन परिच्छेदांतही तेच झालंय. तुमचे परिच्छेद जिथे प्रवेश बदलतो तिथे बदलतात. म्हणजे निबंधाची गाडी तुम्ही हाकत नाही आहात, नाटक हाकतंय. ही सवय कुठून येते तेही मला ठाऊक आहे, कारण मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकले. आपली तयारी 'कोण कोणास म्हणाले' आणि 'संदर्भासहित स्पष्टीकरण' या दोन प्रश्नांवर झालेली असते. कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं, केव्हा म्हटलं: हे आपण झोपेतही सांगू. साहित्याच्या निबंधाला मात्र त्याच्या पुढचा प्रश्न हवा असतो, आणि तो शाळेत कुणी विचारलेला नसतो: याच शब्दांत का म्हणाले?

आता तुमचा पहिला परिच्छेद घेऊ. तो सुरू होतो, 'लेडी मॅक्बेथ ही अत्यंत महत्त्वाकांक्षी स्त्री आहे.' या वाक्याला कोण नाही म्हणणार? कुणीच नाही. आणि म्हणूनच ते निकामी आहे. ज्यावर कुणाची हरकत नाही, ते सिद्ध करायला पुरावा लागत नाही. पुरावा लागत नाही म्हटल्यावर तुमच्या पेनाला काहीतरी काम हवं, मग ते गोष्ट सांगायला लागतं. वर्गात मी एक साधी परीक्षा लावते: परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यावर नाटक वाचलेला एखादा शहाणा माणूस 'मला नाही पटत, दाखव' म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर पुढचं लिखाण आपोआप दाखवण्याकडे वळतं.

ट्यूटोरियलचा विषय अपराधभावना हा आहे, म्हणून त्यातलीच एक जागा जवळून पाहू. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. मॅक्बेथने राजा डंकनचा खून केलाय. तो खंजीर घेऊन तसाच बाहेर आलाय, ते परत नेऊन ठेवायला तो तयार नाही, म्हणून लेडी मॅक्बेथ ते घेऊन आत जाते. ती आत असताना तो स्वतःच्या हातांकडे बघत म्हणतो की समुद्रदेव नेपच्यूनचा अख्खा महासागर तरी हे रक्त धुऊन टाकेल का? नाही, उलट माझा हातच सगळे समुद्र लाल करून सोडेल. ती परत येते, तिचेही हात आता रंगलेत, आणि ती म्हणते, 'अ लिटल वॉटर क्लिअर्स अस ऑफ धिस डीड.' थोडंसं पाणी, की आपण या कृत्यातून मोकळे. मग पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती झोपेत चालतेय, हात चोळतेय. दासी वैद्याला सांगते की हे कधीकधी पाव पाव तास चालतं. आणि लेडी मॅक्बेथ म्हणते की अरबस्तानातली सगळी अत्तरं आणली तरी 'धिस लिटल हँड'चा वास जाणार नाही.

इथवर मी फक्त गोष्ट सांगितली, बरं का. तुमच्या निबंधात इथवर एक पान जातं आणि मग तुम्ही लिहिता, 'यावरून तिची अपराधभावना दिसून येते.' काय दिसून येतं ते तपासणाऱ्यालाही दिसतंच आहे. त्याला न दिसलेलं काय आहे?

तिची ही दोन वाक्यं, पाण्याचं आणि अत्तरांचं, शेजारी ठेवून मी वर्गात पोरांना नुसतं बघत बसायला सांगते. पाचेक मिनिटं शांतता, मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, मॅडम, 'लिटल' दोन्हीकडे आहे. झालं, परिच्छेद सापडला. आधी पाणी 'लिटल' होतं, आता हात 'लिटल' आहे. हा शब्द तुमच्या नजरेला पडला की पहिलं वाक्य लिहायला फॉर्म्युला लागत नाही.

खाली मी तो परिच्छेद मुद्दाम मराठीत लिहिते. इंग्रजीत दिला तर तो पाठ होईल आणि पुढच्या परीक्षेत मलाच पंधरा पेपरांत भेटेल.

'खुनानंतर लेडी मॅक्बेथ अपराधाकडे घरातल्या सांडलवंडीसारखी पाहते: पुसलं की संपलं. "थोडंसं पाणी" पुरेल असं ती म्हणते, आणि त्या "लिटल"मध्ये तिचा सगळा हिशोब आहे. कृत्य केवढंही मोठं असो, त्याचा माग दोन हातांपुरता आहे, आणि दोन हातांना पाणी लागतं ते किती? "क्लिअर्स" हे क्रियापदही तिच्या सोयीचं आहे. हात स्वच्छ करणं आणि आरोपातून मोकळं करणं, दोन्हींना ते चालतं. ती या दोन गोष्टींत फरकच करत नाही. पण आपण प्रेक्षकांनी काही क्षणांपूर्वी समुद्र लाल होताना ऐकलेला असतो. तिने तो ऐकलेला नाही, कारण तेव्हा ती खंजीर ठेवायला आत गेली होती. त्यामुळे तिचं हे बोलणं आपल्याला धीटपणाचं न वाटता अर्धवट माहितीवर काढलेल्या निष्कर्षासारखं वाटतं.'

यात बघा, एकाही वाक्यात पुढे काय घडलं ते नाही. अवतरण मोजक्या शब्दांचं आहे, आणि त्यातल्या दोन शब्दांवर निम्मा परिच्छेद खर्च झालाय. तुमच्या मूळ लिखाणात प्रमाण नेमकं उलट आहे: चार ओळींचं अवतरण आणि त्यावर एक वाक्य. अवतरण जितकं लांब तितकं त्याच्यावर बोलायला कमी सुचतं, हा माझा जुना अनुभव. चार ओळी उतरवल्या की आपण काम केल्यासारखं वाटतं, पण ते काम शेक्सपिअरने केलेलं असतं.

आणि 'ती तेव्हा आत होती' हे वाक्य पाहा. गोष्टीतला हा तपशील मी वापरला, पण नोकरासारखा. दाव्याला हवा तेव्हा बोलावला, काम झाल्यावर पाठवून दिला. निबंधात गोष्ट सांगायचीच नाही असं नाही. तिने किती आणि केव्हा यायचं ते तुम्ही ठरवायचं.

आता पील. पॉइंट, एव्हिडन्स, एक्सप्लनेशन, लिंक: मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण, सांधा. इंग्लंडच्या शाळांमध्ये हे शिकवतात, आता आपल्याकडच्या इंटरनॅशनल बोर्डांतही आलंय. मी त्याच्या विरोधात नाही. बांधकामाला परांची लागतेच. पण घर बांधून झाल्यावर परांची तशीच ठेवून कुणी राहायला जात नाही, आणि तुमच्या दुसऱ्या मसुद्यात परांचीचे बांबूच जास्त दिसतायत. प्रत्येक परिच्छेदात तीच चार पावलं, तितक्याच लांबीची. दोन ठिकाणी तो फॉर्म्युला हमखास घसरतो. पहिली जागा एक्सप्लनेशनची: तिथे बहुतेक मुलं 'धिस शोज दॅट' लिहून अवतरणाचाच अर्थ पुन्हा सांगतात. अर्थ सांगणं म्हणजे विश्लेषण नव्हे. विश्लेषण तेव्हा सुरू होतं जेव्हा तुम्ही शब्द बदलून बघता. 'अ लिटल वॉटर'च्या जागी नुसतं 'वॉटर' असतं तर काय गेलं असतं? 'अस'च्या (us) जागी 'मी' (me) असतं तर? (हे दुसरं करून बघाच. ती नवऱ्याच्या वतीनेही निकाल देऊन मोकळी होते.)

दुसरी घसरण्याची जागा लिंकची. लिंक म्हणजे परिच्छेदाच्या शेवटी प्रश्नाला मुजरा करणं, अशी समजूत झालीय: 'अशा प्रकारे शेक्सपिअर अपराधभावना दाखवतो.' प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी हा मुजरा आला की वाचणाऱ्याचं डोकं उठतं. सांधा मागे बघून बसत नाही, पुढच्या परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात बसतो. वरचा परिच्छेद 'अर्धवट माहिती' इथे थांबला. म्हणजे वाचकाच्या मनात प्रश्न राहिला की मग तिला पूर्ण माहिती कधी कळते? पुढचा परिच्छेद तिथूनच उचलायचा: 'पाचव्या अंकात तोच "लिटल" पाण्यावरून उठून हाताला चिकटतो आणि हिशोब उलटतो: हात तेवढाच आहे, पण आता त्याला अख्ख्या अरबस्तानातली अत्तरंही पुरत नाहीत.' यात 'मोअरओव्हर' नाही, 'फर्दरमोअर' नाही. ही अव्ययं वाईट नाहीत, पण दोन परिच्छेदांत नातंच नसेल तर ती लावून नातं तयार होत नाही.

संदर्भाचा मुद्दा थोडक्यात, कारण तुमच्या तिसऱ्या परिच्छेदात शेक्सपिअर १५६४ साली जन्मला आणि १६१६ साली वारला हे आलंय. ते काढा. इतिहास आणायचा तर तो नाटकातल्या शब्दाला बांधून आणा. उदाहरणार्थ, खुनानंतर लगेच दरवाजा ठोठावला जातो तेव्हा दारुडा द्वारपाल नरकाच्या दाराशी आलेल्या 'इक्विव्होकेटर'ची थट्टा करतो, म्हणजे शपथेवर दुटप्पी बोलणाऱ्याची. १६०५ मध्ये इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट बारुदाने उडवण्याचा कट उघडकीला आला, आणि १६०६ मध्ये हेन्री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूवर खटला चालला, तेव्हा हाच शब्द गाजत होता. अशी तारीख परिच्छेदात शोभते, कारण ती एका शब्दाचा अर्थ वाढवते. जन्मतारीख काही वाढवत नाही.

आता किती ओळी? हे खरोखर परिस्थितीवर आहे. घरी लिहिलेल्या ट्यूटोरियलमध्ये माझा स्वतःचा परिच्छेद दीडशे ते दोनशे शब्दांचा होतो. परीक्षेत हात दुखत असताना आठ-दहा ओळी झाल्या तरी पुरे. पाच गुणांच्या टिपेत एकच परिच्छेद असू शकतो आणि त्यात काही वावगं नाही. पान उलटलं तरी परिच्छेद संपत नसेल तर आत बहुधा दोन दावे कोंबलेत. दोन-तीन ओळींत संपत असेल तर दावा आहे, पण दाखवणं राहिलंय.

दावा पहिल्याच वाक्यात हवा का? इथे मी दोन तोंडांनी बोलणार आहे. कवितेवर लिहिताना मला स्वतःला उलटा क्रम आवडतो: एखादा खटकणारा शब्द आधी दाखवायचा, तो का खटकतो ते उलगडत जायचं आणि दाव्यापाशी शेवटी पोचायचं. वाचायला तेच जास्त रंगतं. पण विद्यापीठाच्या परीक्षेत हे करू नका. दुपारी चार वाजता कॅपच्या हॉलमध्ये पंखा कुरकुरतोय, समोर गठ्ठा आहे, अशा वेळी तुमचा परीक्षक प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नीट वाचतो आणि पुढचं डोळ्यांखालून घालतो. मी त्या खुर्चीवर बसलेय, म्हणून सांगते. तिथे दावा वरच ठेवा.

लिहून झाल्यावर एक गोष्ट नक्की करा. प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी समासात पेन्सिलीने चार-पाच शब्दांत मराठीत लिहा की यात मी काय म्हटलं. काय घडलं ते नाही, काय म्हटलं ते. 'तिला पाणी पुरेसं वाटतं'. 'हात लहान, अत्तरं अपुरी'. मग निबंध बाजूला ठेवून फक्त समास वाचा. समासात नुसती नावं आली ('लेडी मॅक्बेथ', 'झोपेत चालणं') तर त्या परिच्छेदात दावा नाही. आणि दुसरा-तिसरा परिच्छेद आपापसांत बदलून काहीच बिघडत नसेल, तर तुमच्याकडे निबंध नाही, यादी आहे.

मराठीत का, असं विचाराल. कारण इंग्रजीत लिहिताना आपण जी वाक्यं येतात तीच म्हणतो, जे म्हणायचंय ते नाही. 'शी इज अँबिशस' हे आपल्याला येतं म्हणून लिहिलं जातं. 'सांडलवंड' मला मराठीत सुचलं, इंग्रजीत त्याला शब्द शोधायला दहा मिनिटं गेली असती आणि ती सत्कारणी लागली असती. दावा कच्च्या कागदावर मराठीत ठरवा, मग इंग्रजीत न्या. वाक्यं साधी होतील, होऊ द्या. साध्या इंग्रजीतल्या नेमक्या दाव्याला मी गाईडमधल्या भरजरी इंग्रजीपेक्षा नेहमी जास्त गुण दिलेत. सगळेच देतात असं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मात्र मराठीचा आधार विचारापुरता. गोष्ट पक्की करायला शिरवाडकरांचा 'राजमुकुट' (याच नाटकाचं मराठी रूपांतर) जरूर वाचा, पण शब्दावर बोट ठेवायचं तेव्हा मूळ संहितेकडेच जायला हवं. वरचा सगळा डोलारा 'लिटल' या एका शब्दावर उभा आहे, आणि भाषांतरात तो दोन्ही जागी तसाच राहीलच असं नाही.

किरकोळ दोन गोष्टी. नाटकात काय होतं ते वर्तमानकाळात लिहा, 'शी सेज', 'शी सेड' नाही. आणि अवतरण वाक्याच्या मध्ये एकटं टाकून देऊ नका, ते तुमच्याच वाक्यात ओवा.

सराव म्हणून एक जागा देते. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात लेडी मॅक्बेथ नवऱ्याला म्हणते, 'व्हॉट्स डन इज डन.' झोपेत चालताना म्हणते, 'व्हॉट्स डन कॅनॉट बी अनडन.' अर्थ जवळजवळ एकच आहे. मग फरक कशात आहे? यावर फक्त एक परिच्छेद लिहा आणि इथे टाका, मी बघते. गोष्टीला दोन वाक्यांहून जास्त जागा देऊ नका.

आणि तो शेवटचा प्रश्न: हाताने लिहिताना आत सरकवा, टाइप करताना ओळ सोडा. दोन्ही एकदम करू नका.